नावाला उठणारे माणूस

"पुरं नाव सांग. वय सांग."

"हणमंत विठोबा शेडबाळे. वय वर्षे एक्कावन्न."

"हे हणमंत नाव कुणी ठेवलं?"

"आत्याने. बारशाला."

"तुला विचारून?"

हणमंत हसला. सोनाक्का हसल्या नाहीत.

"...नाही, अक्का."

"आणि तरी हाक मारली की वळतोस?"

"वळतो."

"का?"

'ठाऊक नाही' असे म्हणण्याची हणमंताला सवय नव्हती. तालुक्याच्या गावी त्याचे शिवणकामाचे दुकान होते. दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावापुढे 'कलाकार' हा शब्द त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. त्याच्या गोधड्यांना प्रदर्शनात मानाची शाल मिळाली होती.

हे संभाषण बोरगळीच्या मठाच्या ओट्यावर झाले. मी खांबाला टेकून बसलो होतो. जे ऐकले तेच लिहितो.

त्या मठाची रीत अशी आहे. गावातील माणसे एकेक जुने कापड मठात आणून देतात. त्या कापडांची एक वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली जाते व ती वर्षभर मठाच्या गादीवर राहते. वाकळीतील प्रत्येक चौकोनास तेथे 'घर' म्हणतात, आणि प्रत्येक घरास नाव असते. दत्तजयंतीस वाकळ ओट्यावर पसरतात. शिवणारा एकेका घरावर बोट ठेवून त्याचे नाव पुकारतो. एकदाच. ज्याचे कापड असेल त्याने ते नाव ओळखावे, आपण होऊन उठावे व पुढे येऊन त्या घरास शेवटचा टाका घालावा. नावात देणाऱ्याचे नाव यायचे नाही. कापडाचा रंगही यायचा नाही.

ज्या नावाला कोणी उठत नाही, ते घर तेथेच, सर्वांदेखत उसवतात व कापड मठाच्या विहिरीत टाकतात.

पुष्कळ वर्षे वाकळ सोनाक्काच शिवीत व नावे पुकारीत; त्या काळात एकही घर उसवले गेले नव्हते. ही गोष्ट त्या स्वतः सांगत, आणि वारंवार सांगत.

आता मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गतवर्षी त्यांचे बोट एका घरावर पडले व तोंडी नाव दुसऱ्या घराचे आले. माणूस उठले, आणि दुसऱ्याच्या कापडाला टाका घालून परत जाऊन बसले. कोणी अवाक्षर काढले नाही. सोनाक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

म्हणून यंदा शिवणे व पुकारणे हणमंताकडे आले होते. त्याला जमले, तर सोनाक्कांच्या गुरूकडून आलेली सुयांची पितळी डबी त्याची होणार होती. न जमले, तर त्या ती मठाच्या विहिरीत टाकणार होत्या. तसे त्यांनी सांगितले होते. सांगितलेले त्या करीत.

"बरं. नावं ऐकव."

हणमंताने घसा साफ केला.

"मला नको. तिकडं." त्यांनी अंगणाकडे हात केला. अंगणात बायका गहू पाखडत होत्या. "त्यांचीच कापडं आहेत. पुकार."

हणमंत उभा राहिला.

"अरुणोदय!"

सुपे चालूच राहिली.

"मयूरपंख!"

मठाच्या भिंतीवर मोर बसला होता. त्यानेही मान वळवली नाही.

"राजहंसी! संध्यारंग!"

एका बाईने शेजारणीस विचारले, "ह्यो काय विकायला आलाय गं?"

"साड्या असतील."

"मोठ्यानं ओरडतोय म्हणजे माल खपत नसंल."

सोनाक्का ज्या जुन्या वाकळीवर बसल्या होत्या, तिच्या एका कोपऱ्यावर त्यांनी बोटे फिरवली. मग अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या,

"कुंपणावरची उडी."

"ओ अक्का! आले!"

शेवंता नावाची एक पोक्त बाई सूप खाली टाकून उभी राहिली होती. अंगणभर गहू सांडले. कशाला हाक मारली हे कळताच तिने पदर तोंडावर धरला व ती हसू लागली. शेजारच्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही गं. तुम्हांला नाही कळायचं."

सोनाक्कांनी हणमंताकडे तोंड फिरवले.

"ह्या नावाचा अर्थ काय, अक्का?"

"अर्थ तिचा. नाव माझं."

"परंतु कुंपणावरची उडी... ह्यात सौंदर्य कोठे आहे?"

"ती उठली तेव्हा तिचं तोंड बघितलंस?"

"...नाही. मी वाकळीकडे पाहत होतो."

"मग हुकलं तुझं सौंदर्य."

*

हणमंत बुद्धिमान होता; हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच दिवसापासून तो कापडे पिशवीत घालून दारोदार हिंडू लागला. बसे, पाणी पिई, आणि हे कापड घरात कोणत्या दिवशी आले व कोणत्या दिवशी फाटले ते विचारी. राजहंसी गेली व तिच्या जागी 'न बघितलेली मुंबई' आली. संध्यारंग गेला व 'दोनदा शिवलेला खिसा' आला. सोनाक्का प्रत्येक नाव ऐकून नुसत्या मान हलवीत. हणमंताची चाल पुन्हा ताठ झाली.

मग तो लाल कापडाशी आला.

ते कापड कोणाचे हे विचारावे लागत नव्हते. इंदूबाई मगदूम ह्यांचा नवरा लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवी. एका लग्नसराईत तो बँडबरोबर गेला आणि दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून राहिला. ढोल त्याने नेला. ढोलाची लाल खोळ वाळत घातली होती, ती दोरीवर राहिली. ही हकीकत गावात पोरासोरांनाही पाठ होती. इंदूबाई चारचौघांत येत नसत. मठात आल्याच, तर फाटकाशी बसत आणि आरती संपण्यापूर्वी निघून जात. आजवर त्यांनी वाकळीसाठी कापड दिले नव्हते. यंदा दिले, खोळ उसवून, धुऊन, घडी घालून.

हणमंताने सोनाक्कांपुढे डोळे मिटून नाव सांगितले.

"सुटलेला सूर."

या वेळी सोनाक्कांनी मान हलवली नाही.

"कसे आहे?"

"ती उठेल?"

"का नाही उठणार? ऐकताच ओळखेल. सारे गाव ओळखेल."

"गाव ओळखेल..."

"तेच तर म्हणतो!"

"तेच मीही म्हणते. तुझ्या नवऱ्यानं तुला टाकली, ये, टाका घाल. असं पुकारणार तू."

हणमंताने डोळे उघडले.

"ते दुःख आहे, अक्का. दुःखाला नाव द्यावे, म्हणून मी..."

"दुःखाला नाव दे. घरी बसून दे. ओट्यावर माणसाला उठायचं असतं. मान वर ठेवून उठायचं असतं. त्याच्या पलीकडं मला ह्यातलं काही कळत नाही. जा आता."

*

इंदूबाईंच्या घरी तो एकटा जाण्यास तयार नव्हता. मी त्याच्याबरोबर गेलो. त्या दारात तांदूळ निवडीत होत्या. आम्हांला पाहून उठल्या नाहीत.

"नावं ठेवायला आलात का, मास्तर? रांगेत उभं राहा. गाव पुढं आहे."

"मावशी, मी वाकळीच्या संदर्भात..."

"कापड दिलं. काय ठेवायचं ते नाव ठेवा. मी उठणार नाही."

"न उठल्यास घर उसवावे लागेल."

"उसवा."

"मग दिलेत कशासाठी?"

त्यांचा तांदळातला हात थांबला... मग त्या पुन्हा खडे वेचू लागल्या.

हणमंत पायरीवर बसला. काही सुचेना, म्हणून त्याने पिशवीतून ते लाल कापड काढले. वाकळीचे घर त्याने मधल्या, गुळगुळीत भागातून कापले होते. उरलेली दोन टोके चुरगळलेली, म्हणून बाजूला पडली होती. तो ती टोके बोटांनी सरळ करू लागला. ती सरळ होईनात.

मी त्याचा चेहरा पाहत होतो. त्यावरचा 'कलाकार' निघून गेला आणि शिंपी उरला.

"हा पीळ..." तो स्वतःशीच म्हणाला. "खोळ ढोलावर ताणलेली असते. तिला पीळ पडण्याचे कारण नाही. आणि हा तर वर्षानुवर्षांचा आहे. धुण्याने गेला नाही. दोन्ही टोकांना आहे. मधे वजन होते..."

त्याने मान वर केली.

"झोळी कोठे बांधत होतात, मावशी?"

इंदूबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवले.



"...चिंचेला."

"परसातल्या?"

"परस कुठलं? वीटभट्टीवरच्या चिंचेला. पोर सहा महिन्यांची होती. घरी कुणाजवळ ठेवू?"

"रडत असेल."

"छट्! चिंचेखाली वारा असायचा. झोका द्यावा लागायचा नाही. झोळी आपली हलायची आणि ती निजायची."

त्या थोडे थांबल्या. मग त्यांचा आवाज चढला, आमच्यावर नव्हे.

"मुकादम म्हणायचा, लेकुरवाळी बाई, हिचं सगळं लक्ष झाडाकडं, हिच्या विटा वाकड्या निघणार. निघाली का एक तरी? आं? जाऊन बघा म्हणावं. मठाचा ओटा माझ्या विटांचा आहे. सगळी जणं वर बसतात ना, कधी हलला?"

"नाही हलला, मावशी."

"मग?"

एवढे बोलून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. आम्ही उठलो. फाटकापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला.

"मास्तर... उसवायचं झालं तर कापड परत द्या मला. विहिरीत नका टाकू."

*

हणमंत तडक मठात आला. कापलेले घर त्याने बाजूला ठेवले, पीळ पडलेल्या टोकातून नवे घर कापले, आणि ते सोनाक्कांच्या हातात दिले. त्यांनी त्या पिळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"पीळ आहे."

"चिंचेचा वारा."

सोनाक्कांनी कापड त्याला परत दिले.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

हणमंत पुढे सरकला. "खरेच?"

"फार चांगलं आहे. तिला ऐकवलंस?"

"पक्के झालेले नाव पुकारण्याआधी देणाऱ्यास ऐकवायचे नसते. ही रीत आपणच सांगितली."

"व्हय. मग मला कशाला ऐकवलंस?"

हणमंताने कापडाची घडी घातली.

"शाबासकी पायजे?"

"...होय."

"घे. शाबास." त्यांनी खरोखरच त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं तुझ्या नावाचं काम. आता जा."

हणमंत पायऱ्या उतरला. मधल्या पायरीवर तो थांबला व मागे वळून काही विचारणार, असे वाटले. सोनाक्का भिंतीला डोके टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्याने विचारले नाही.

*

दत्तजयंतीस अंगण भरले. वाकळ ओट्यावर पसरली गेली. सोनाक्का एका कडेला बसल्या. त्यांच्या उजव्या हाताशी पितळी डबी व डाव्या हाताशी उसवण्याचे पाते. पाते आजवर नुसतेच ठेवले जात असे.

हणमंताने पहिल्या घरावर बोट ठेवले. त्याचा आवाज फारसा मोठा नव्हता.

"न बघितलेली मुंबई."

एक म्हातारा मिशीला हात लावीत उठला. त्याची बायको म्हणाली, "अहो, तुम्ही? कोणती मुंबई?" तो म्हणाला, "तू गप." आणि टाका घालून आला.

"दोनदा शिवलेला खिसा."

एक तरुण शिक्षिका उठली.

नावे होत गेली. माणसे उठत गेली. प्रत्येक वेळी अंगणात कुजबूज होई आणि उठलेले माणूस कोणालाही काही न सांगता, आपलेच आपण हसत परत जाई.

मग बोट लाल घरावर आले.

 ते कापड सर्वांनी ओळखले होते. माना फाटकाकडे वळल्या. इंदूबाई फाटकाशी होत्या. चप्पल पायांत घालून, निघण्याच्या तयारीने उभ्या.

हणमंताने श्वास घेतला. त्याचे ओठ 'चिंचेचा' म्हणण्यासाठी उघडले. मी ते पाहिले.

पण त्याची नजर वाकळीवर नव्हती. तो इंदूबाईंच्या तोंडाकडे पाहत होता. आणि इंदूबाई वाकळीकडे पाहत नव्हत्या, माणसांकडेही नाही. त्या ओट्याकडे पाहत होत्या.

त्याने ओठ मिटले.

"सरळ वीट," हणमंत म्हणाला.

...

"काय म्हणाला?"

"वीट."

"विटेचं काय हितं? कापड तर ढोलाचं आहे."

"चुकला वाटतं. उसवा आता."

सोनाक्कांचा डावा हात पात्यावर गेला नाही. तो मांडीवरच राहिला.

फाटकाशी चपला वाजल्या. इंदूबाईंनी त्या काढल्या होत्या. पदर खोचून त्या सरळ मधून चालत आल्या. माणसांनी पाय आवरून वाट दिली. त्यांची मान खाली नव्हती. ओट्याची पायरी चढताना त्यांनी तिला हात लावला, देवळाच्या पायरीला लावतात तसा.

वाकळीपुढे बसल्या. पीळ पडलेले टोक पाहिले.

"हे चुरगळलेलं कशाला घेतलंत, मास्तर? चांगलं मधलं कापड होतं की."

"कापड हेच होते, मावशी."

त्यांनी सुई घेतली. टाका घातला, दोरा ओढला, दाताने तोडला. उठल्या आणि अंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अर्धेअधिक अंगण नीट पाहण्यासाठी उभे राहिले होते. काही जण ओट्याच्या काठावर चढले होते.

"बसा की," इंदूबाई म्हणाल्या. "बिनघोर बसा. ओटा पक्का आहे."

हणमंत एकटाच हसला. मग त्याने डोळे पुसले.

*

शेवटचे एक घर उरले होते. शिवणाऱ्याचे स्वतःचे घर. त्याचे नाव गुरूने पुकारायचे असते. हणमंताने त्यासाठी प्रदर्शनातील मानाच्या शालीचा तुकडा लावला होता, जरीच्या काठासकट.

सोनाक्कांनी हात फिरवून जरीचा काठ ओळखला. मग बोट टेकले.

"अरुणोदय."

कोणी उठले नाही.

"आता हे कुणाचं?"

"अगं बाई, तो साड्यावाला परत आला वाटतं."

अंगणात खसखस पिकली. हणमंताचे कान लाल झाले होते. तो खाली पाहत होता. सोनाक्कांनी डाव्या हाताने चाचपून पाते उचलले व जरीच्या काठाशी टेकवले. त्यांचा चेहरा हसरा नव्हता. त्या खरोखर उसवणार होत्या. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही त्याविषयी शंका नव्हती.

पहिला दोरा पात्यावर ताणला गेला.

"थांबा, अक्का."

हणमंत उठला. मान आधी खाली होती. मग त्याने ती वर केली.

तो वाकळीपुढे बसला. त्याने सुई ओवली.   टाका घालून होताच सोनाक्कांनी पितळी डबी त्याच्या मांडीवर ठेवली व पाते पदरात गुंडाळले.

"अक्का..." तो हळूच म्हणाला. "हे नाव तर आपण टाकून दिले होते."

"मी कुठं टाकलं?" सोनाक्का म्हणाल्या. "कुणी उठलं नव्हतं, एवढंच."

त्या वर्षापासून बोरगळीच्या वाकळीची नावे हणमंत विठोबा शेडबाळे पुकारतो. इंदूबाई मगदूम आता फाटकाशी बसत नाहीत.